गेल्या वर्षाचा शिक्का

माझे सासरे, आप्पा, सकाळी सहाला पाच मिनिटं कमी असताना अंगणात उतरत. आधी गाडीवरच्या खाकी कापडाच्या चारी नाड्या सोडायच्या, मग त्याची आठपदरी घडी करून पायरीवर ठेवायची. अर्धी बादली पाणी, एक ओलं फडकं, एक कोरडं. सुरुवात छतापासून, शेवट मागच्या डाव्या चाकाशी. साडेसहाला ते इंजिन सुरू करीत, मनगटावरच्या घड्याळात बघून चार मिनिटं चालू ठेवीत आणि बंद करीत. मग पुन्हा कापड, पुन्हा नाड्या. गाडी कुठे जात नसे. गुरुवारी संध्याकाळी सासूबाईंना, माईंना घेऊन नदीवर प्रीतिसंगमापर्यंत एक फेरी, बस्स. याच वेळी मी डबा पिशवीत टाकून, दाराजवळच्या खिळ्यावरचा एसटीचा पास काढून, त्या चकचकीत गाडीच्या बाजूनं अंग चोरून बसस्थानकाकडे निघत असे.

ती एप्रिलमधली सकाळ मात्र थोडी वेगळी होती. आप्पांच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन आठ दिवस झाले होते. काळा गॉगल लावून ते पायरीवर बसले होते आणि फडकं माईंच्या हातात होतं.

"छतापासून," आप्पा म्हणाले.

"छतच पुसतेय."

"आवाजावरून काच वाटते."

"डोळ्याचं ऑपरेशन झालंय की कानाचं?" माई म्हणाल्या. "आणि इतकं स्वच्छ कापड तुम्ही गाडीवर घालता. मला कुरडया घालायला धड एक चादर नाही या घरात."

"ते कापड मोजून शिवलंय. गाडीच्या मापाचं."

"कुरडयांना माप लागत नाही."

मंगळवारी माझी सुट्टी असे. चहाचा कप घेऊन मी दारात उभी होते. मल्हारपेठ गावातल्या एका छोट्या दवाखान्यात मी रक्त-लघवी तपासण्याचं काम करत होते. लग्नाला दोन वर्षं झाली होती, नवरा रणधीर आठवडाभर पुण्यात असे आणि ते काम हा माझ्या दिवसाचा कणा होता. आदल्याच दिवशी डॉक्टरांनी सांगितलं होतं, मे महिन्यापासून नमुने सकाळी सातला घ्यायचे. वरच्या वाड्यावस्त्यांवरून म्हातारी माणसं उपाशीपोटी येतात आणि मी येईपर्यंत ओट्यावर बसून राहतात, हे मलाही दिसत होतं. पण पहिली एसटी मला आठला पोचवत असे. "महिनाअखेरच्या सोमवारपर्यंत कळवा," डॉक्टर म्हणाले होते, "जमत नसेल तर मला दुसरं कुणी बघावं लागेल."

घरी हे मी सांगितलं होतं. गाडीनं तो रस्ता पाऊण तासाचा होता. माहेरी, इस्लामपुरात, मी वडिलांची जीप चालवत असे. परवाना पाकिटात होता. तरी गाडीचं नाव मी काढलं नव्हतं. माईंनी काढलं.

"हेमांगीला सातला पोचायचंय म्हणे मेपासून," चाक पुसता पुसता त्या म्हणाल्या.

"एसटीचं वेळापत्रक बदलतं कधीकधी," आप्पा म्हणाले. "आज गाडीचा विषय नको. आज विम्याचं काम आहे."

आमच्या घरात विम्याचं काम म्हणजे वर्षातला एक सणच होता. गाडी घेतल्यापासून चौदा वर्षं आप्पा एकाच कंपनीकडे विमा उतरवत होते आणि चौदा वर्षांत त्यांनी एकदाही भरपाई मागितली नव्हती. एकदा टपावर नारळ पडला होता, एकदा उंब्रजच्या बाजारात म्हशीनं मागच्या दारात शिंग घातलं होतं आणि एकदा आमच्याच फाटकाचा खांब लागला होता. या तिसऱ्या प्रसंगाचा उल्लेख घरात होत नसे. तिन्ही वेळा आप्पांनी पदरमोड करून पत्रा सरळ करून घेतला होता. सगळ्या पॉलिसी एका फायलीत होत्या आणि फायलीवर लाल शाईनं लिहिलं होतं : निष्कलंक. त्या शब्दापायी गाडीच्या स्टिअरिंगमागे आप्पांखेरीज कुणीही बसत नसे. पोटचा मुलगा रणधीरसुद्धा नाही.

"हेमा, तू चल," आप्पा मला म्हणाले. "मला बारीक अक्षर दिसत नाही. तू वाच, मी ऐकतो."

"गाडी काढू का मग?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"रिक्षा मिळेल कोपऱ्यावर," आप्पा म्हणाले.

अशा रीतीनं गाडीचा विमा उतरवायला आम्ही रिक्षानं निघालो.

रिक्षावाल्यानं आप्पांना ओळखलं. "साहेब, तुम्ही काट्याच्या खात्यात होता ना?"

एवढं त्यांना पुरलं. आप्पा वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. जिल्ह्यातल्या दुकानांची वजनं दरवर्षी तपासायची, बरोबर असतील तर बुडाशी ओतलेल्या शिशात त्या वर्षाचा शिक्का ठोकायचा, हे काम त्यांनी बत्तीस वर्षं केलं. त्यातली एक गोष्ट त्यांच्या विशेष आवडीची होती. मी ती बहुधा सातव्यांदा ऐकत होते.

"मार्केट यार्डात शहा म्हणून गुळाचे व्यापारी होते. तीस वर्षांचं दुकान, माणूस सज्जन. मी तपासणीला गेलो तर म्हणाले, साहेब, तीस वर्षांत एक तक्रार नाही, आधी चहा घ्या, वजनं काय बघायची, शिक्का मारून टाका. मी म्हणालो, शेठजी, शिक्का गेल्या वर्षाचा आहे, वजन आज करू. काट्यावर चढवलं. वीस किलोचं वजन चाळीस ग्रॅम कमी."

"लबाडी?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"छे. झीज. रोज फरशीवर आपटून आपटून. शहांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. पण शिक्का मी मारला नाही. नवं वजन आणल्यावर मारला."

"वा," रिक्षावाला म्हणाला आणि आम्हांला चुकीच्या गल्लीत घेऊन गेला.

कंपनीची शाखा नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर गेली होती. आप्पांच्या ओळखीचे अधिकारी बदलून गेले होते. त्यांच्या टेबलामागे पंचविशीतली एक मुलगी बसली होती. समोर पाटी होती, रेश्मा तांबोळी. तिनं आप्पांचा गॉगल बघून आधी खुर्ची पुढे केली, मग पाणी मागवलं.

आप्पांनी फाइल टेबलावर ठेवली. लाल अक्षरं तिच्या बाजूला येतील अशी.

"चौदा वर्षं," ते म्हणाले. "एकही क्लेम नाही."

"फारच छान, काका."

"तर यंदा त्याचं काय करता येईल?"

"नो क्लेम बोनसची पन्नास टक्के सूट आहेच तुम्हांला."

"ती सहाव्या वर्षीही होती."

"हो. पाच वर्षांत ती पन्नासवर पोचते. तिथंच थांबते."

"मग त्यापुढच्या वर्षांचं काय?"

तिनं क्षणभर विचार केला. "त्यापुढच्या वर्षांचे आभार, काका."

ती थट्टा करत नव्हती. दुसरं काही देण्यासारखं तिच्याकडे खरोखरच नव्हतं. आप्पांनी मान वळवली. भिंतीवर एक मोठा रंगीत कागद चिकटवलेला होता, तेवढा त्यांना अंधूक दिसत असावा.

"हेमा, तिथं मोठ्या अक्षरांत काय लिहिलंय?"

"नवीन ग्राहकांसाठी विशेष सवलत," मी वाचलं.

"आणि त्याखाली? जुन्यांसाठी?"

"त्याखाली काही नाही, आप्पा. त्याखाली अग्निशमन दलाचा नंबर आहे."

रेश्मानं खाली मान घालून कागद सारखे केले. आप्पा मात्र शांत होते. "हरकत नाही," ते म्हणाले. "यंदाचा कागद वाच. एकही ओळ सोडू नकोस."

मी इंग्रजी वाचत मराठीत सांगू लागले. मालकाचं नाव, गाडीचा क्रमांक, इंजिनाचा क्रमांक. आप्पा प्रत्येक ओळीला मान हलवत होते. मग एक ओळ आली आणि मी अडखळले.

"थांबलीस का?"

"गाडीत बसवलेली विजेची उपकरणं," मी म्हणाले. "कॅसेट प्लेअर, एक."

आप्पांची मान हलायची थांबली.

"तो गाडीत आहे ना, काका?" रेश्मानं विचारलं.

"आहे," आप्पा म्हणाले. "म्हणजे, आहे. चालू आहे."

"गाडीत?"

मग मलाच सांगावं लागलं. "स्वयंपाकघरात. फडताळावर. सासूबाई भाजी चिरताना त्यावर गाणी ऐकतात."

"कधीपासून?"

"अकरा वर्षं झाली असतील," आप्पा म्हणाले. आवाजात मला प्रथमच निरीक्षकाचा नव्हे, दुकानदाराचा सूर ऐकू आला. "गाडीत गाणी लावली की माझं रस्त्यावर लक्ष राहत नसे. म्हणून काढला."

रेश्मानं फाइल तोंडासमोर धरली. फाइल थोडा वेळ थरथरत होती. खाली घेतली तेव्हा तिचा चेहरा पुन्हा अधिकाऱ्याचा झाला होता, डोळे तेवढे ओले होते. "काका, म्हणजे अकरा वर्षं तुमच्या फडताळाचा अपघात विमा आमच्याकडे होता."

मला हसू आवरेना. आणि मग, बऱ्याच उशिरा, आप्पाही हसले. आधी नाकातून, मग खांदे हलवून. शेजारच्या टेबलावरचा शिपाई बघत राहिला.

"दरवर्षी तोच फॉर्म पुढे जात राहिला," रेश्मा म्हणाली. "आम्ही विचारायला हवं होतं."

"आणि मी वाचायला," आप्पा म्हणाले. मग फाइल जवळ ओढून घेतली. "मुली, एक विचारतो. बाकीचे लोक स्वस्त पडेल तिकडे जातात, हे मला ठाऊक आहे. मी गेलो नाही. गेलो तर हा सगळा बोनस बुडेल ना?"

तिनं दाराकडे पाहिलं, बहुधा वरिष्ठांच्या खोलीकडे. मग सरळ आप्पांकडे वळली.

"नाही काका. बोनस कंपनीचा नसतो. गाडीचाही नसतो. तो तुमचा असतो. उद्या गाडी विकून दुसरी घेतलीत तरी तुमच्याबरोबर येतो, कंपनी बदललीत तरी येतो. आम्ही फक्त तसं पत्र द्यायचं."

"हे मला चौदा वर्षांत कुणी सांगितलं नाही."

"कुणी विचारलं नसेल, काका. तुम्ही नेहमीचे म्हणून."

मला जे विचारायचं होतं ते आत्ताच विचारायला हवं होतं. "आणि घरातल्या दुसऱ्या कुणी गाडी चालवली तर?"

"परवाना असला की झालं."

"काही लागलं-बिगलं तर?"

"भरपाई मागितली तर सूट जाते. मग पुन्हा पहिल्यापासून चढत जाते." ती माझ्याकडे वळली. "पण विमा त्यासाठीच असतो ना, ताई?"

आप्पांनी फायलीची दोरी बांधली. "मुदतीला अजून अकरा दिवस आहेत," ते उठत म्हणाले. "विचार करून येतो."

परतीच्या रिक्षात त्यांनी कुणाला काही गोष्ट सांगितली नाही.

जेवताना मात्र त्यांचा राग वर आला. "चौदा वर्षं! नव्या माणसाला सवलत आणि जुन्याला आभार. माणसानं कुठं तरी टिकून राहावं याला काही किंमतच नाही. त्यांनी नुसती फाइल बघितली असती तरी कळलं असतं, हा कसा माणूस आहे ते."

माई वरण वाढत होत्या. फडताळावर तो टेप मंद आवाजात वाजत होता. त्याची हकिगत मी त्यांना आधीच सांगितली होती आणि तेव्हापासून त्यांचा चेहरा फार प्रसन्न होता.

"शहांचं काय झालं हो पुढं?" माईंनी विचारलं.

"कोण शहा?"

"गूळवाले. तेही असंच म्हणाले होते ना? तीस वर्षांचं दुकान, वजनं कशाला बघता."

आप्पांचा घास हातातच राहिला.

माईंनी वरणाची वाटी त्यांच्या ताटाजवळ सरकवली. "मी आपली अडाणी. पण मला एक कळत नाही. गाडीला काही होऊ नये म्हणून तुम्ही विमा घेतला. मग विम्याला काही होऊ नये म्हणून गाडी झाकून ठेवली. नक्की कोण कुणाला सांभाळतंय?"

आप्पांनी घास तोंडात घातला, सावकाश चावला. "ताक आहे का?" एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यातून आले तेव्हा ते ओसरीवर माझी वाटच बघत होते. तीन कंपन्यांकडून दर मागवायचे होते. त्यातली एक रेश्माची, टेप वगळून. फोन मी करायचे, आकडे मी वाचायचे आणि आप्पा डोळे मिटून ऐकायचे. दोन संध्याकाळी ते चाललं. गेल्या कित्येक महिन्यांत मी त्यांना इतकं उल्हसित पाहिलं नव्हतं.

एका कंपनीचा दर फारच कमी निघाला. मी खूश झाले.

"गाडीची किंमत किती धरलीय त्यांनी?" आप्पांनी विचारलं.

मी बघितलं. बाकीच्यांपेक्षा निम्मीच धरली होती. गाडी चोरीला गेली असती तर तेवढेच हातात आले असते.

"हे वजन झिजलेलं आहे," आप्पा म्हणाले. "पुढचं काढ. सगळ्यांना एकाच मापानं घे, तरच काटा बोलतो."

एकाच मापानं घेतल्यावर रेश्माची कंपनी दुसरी आली. पहिल्या कंपनीत आणि तिच्यात फार अंतर नव्हतं, पण अंतर होतं. मला वाटलं, एवढ्याशा फरकासाठी ते काही चौदा वर्षं मोडणार नाहीत.

शुक्रवारी मी कामावर असताना ते माईंना घेऊन शाखेत गेले. तिथं काय झालं ते माईंनी सांगितलं. आप्पांनी रेश्माकडून बोनसचं पत्र मागून घेतलं आणि तिच्यापुढे पेढ्यांचा पुडा ठेवला. म्हणाले, "तुझी कंपनी सोडून जातोय, तुझ्यावर नाराज होऊन नाही. तू खरं सांगितलंस. पुढच्या वर्षी पुन्हा येईन, तुमचंही वजन करायला." ती म्हणाली, "नक्की या काका, तेव्हा तुम्ही आमचे नवीन ग्राहक असाल. सवलत मिळेल." यावर आप्पा जिना उतरेपर्यंत हसत होते.

ते पत्र त्यांनी मला वाचायला लावलं. तीन ओळींचं होतं. अमुक नावाच्या इसमानं आमच्याकडे कधीही भरपाई मागितलेली नाही, सबब तो पन्नास टक्के सवलतीस पात्र आहे. "पुन्हा वाच," ते म्हणाले. मी पुन्हा वाचलं. चौदा वर्षं त्यांनी जे जपलं ते एका घडीत मावत होतं आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशात जात होतं.

पण गाडीबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. शनिवार गेला, रविवार गेला. सकाळी कापड काढलं जाई, गाडी पुसली जाई, कापड घातलं जाई. रणधीर सुट्टीला आला होता. त्यानं विषय काढायची तयारी दाखवली, मी नको म्हणाले. आप्पांनी आठवड्याभरात जेवढं सोडलं होतं त्याहून अधिक मागणं मला बरं वाटेना. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दिलेली मुदत संपत होती. रविवारी दुपारी मी बसून राजीनाम्याचं पत्र लिहिलं आणि ते पिशवीत, डब्याच्या खाली ठेवलं. रणधीर संध्याकाळच्या एसटीनं पुण्याला परत गेला.

सोमवारी सकाळी मी सवयीप्रमाणे तयार झाले. डबा भरला. दाराजवळच्या खिळ्याकडे हात गेला तो पासाला लागला नाही. तिथं पितळी कडी असलेली गाडीची किल्ली होती.

मी दार उघडलं. एरवी गाडी भिंतीकडे तोंड करून उभी असे. त्या सकाळी तिचं तोंड फाटकाकडे होतं. आप्पांना अजून महिनाभर गाडी चालवायची मनाई होती. रात्री मला इंजिनाचा आवाजही आला नव्हता. मग ओल्या मातीत चाकांचे अर्धगोल वळसे दिसले, पुढे-मागे, पुढे-मागे, आणि त्यांच्या मागे दोन प्रकारच्या चपलांचे ठसे : एक मोठे, खोल रुतलेले, एक लहान. दोघांनी मिळून पहाटे गाडी ढकलून वळवली होती.

आप्पा गॉगल लावून पायरीवर बसले होते. कपाळावर घाम होता.

"नव्या कंपनीचा कागद समोरच्या कप्प्यात आहे," ते म्हणाले. "वाचून घे. मी ओळ न् ओळ वाचून घेतलाय माईकडून, पण तिचं इंग्रजी जरा जुनं आहे."

"आप्पा," मी म्हणाले.

"मेपासून सातच्या आत पोचशील ना? ती माणसं उपाशी बसलेली असतात."

मी मान हलवली. मग त्यांना नीट दिसत नाही हे आठवून "हो" म्हणाले.

गाडी पहिल्याच प्रयत्नात सुरू झाली. चौदा वर्षं रोज चार मिनिटं चाललेलं ते इंजिन अगदी नव्यासारखं होतं. फाटकाच्या खांबापासून मी हातभर अंतर राखलं आणि रस्त्याला लागले. राजीनाम्याचं पत्र डब्याखालीच राहिलं. त्याच्या पाठीवर पुढे कितीतरी दिवस मी नमुन्यांचे क्रमांक लिहीत होते.

वळणावर आरशात अंगण दिसलं. आप्पांनी ते खाकी कापड उन्हाच्या बाजूला पसरलं होतं आणि चारी कोपऱ्यांवर दगड ठेवत होते. माई चिकाचं पातेलं आणि सोऱ्या घेऊन त्यावर कुरडया घालायला बसत होत्या.